किचन नवं झालं, तरी मन का भरत नाही?

पत्र : वय 42, साताऱ्यात पतसंस्थेत क्लार्क आहे. नवरा एमआयडीसीत, मुलगा अकरावीला, सासूबाई घरीच. दिवाळीआधी किचन नवं केलं. दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पहाटे पाणी भरायला उठा, संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत थांबा, रविवारी राजवाड्यावर चौपाटीला जाऊन या. मध्यंतरी नव्या मुलीला व्याज काढायला शिकवलं, तेवढे दिवस छान गेले. तुला हवंय तरी काय, असं नवरा विचारतो. सांगता येत नाही. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : ताई, कृतघ्न मुळीच नाही. तुम्ही त्रास कमी केलात आणि समाधान वाढायची वाट बघत राहिलात, घोळ तिथे झालाय. अडचणीचा ओटा गेला, रोजची चिडचिड गेली. पण चिडचिड गेली म्हणून मन भरत नाही. ही दोन खाती वेगळी आहेत. एकातली बाकी फिटली म्हणून दुसऱ्यात जमा होत नाही.

अमेरिकेत पिट्सबर्ग भागात फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी. 1959 साली निष्कर्ष छापून आले. वाईट प्रसंगांत साहेबांची वागणूक आणि कंपनीचे नियम पुढे होते. छान प्रसंगांत मात्र काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, असं होतं. यावर आक्षेपही आला, की चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर दुसऱ्यावर फोडतो, मग नुसत्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून तुम्ही आठवून लिहू नका, ताजं ताजं लिहा.

साधी वही घ्या. 14 दिवस, म्हणजे त्यात दोन रविवार येतील. मार्चअखेर किंवा सणाचे दिवस नकोत, ते नेहमीसारखे नसतात. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं : जेवणाच्या सुट्टीत, घरी पोचल्यावर, झोपताना. प्रत्येक कामापुढे शून्य ते दहा असे तीन आकडे : मजा किती आली, जमल्यासारखं किती वाटलं, त्रास किती झाला. उदाहरणार्थ, “6.10, कॅशमध्ये 47 रुपयांचा फरक, साहेब मागे उभे. मजा 0, जमलं 2, त्रास 7.” आणि खाली, “6.40, फरक सापडला, एक व्हाउचर दोनदा धरलेलं. मजा 4, जमलं 8, त्रास 3.” रात्री एकदमच लिहिलं असतं तर “ऑफिस, कंटाळा” एवढंच उतरलं असतं. नंतर आठवताना सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट जास्त लक्षात राहतात, बाकीचं पुसट होतं.

बहुतेकांची वही तीन ठिकाणी फसते. “घर”, “ऑफिस” असे मोठे शब्द लिहिले जातात. त्यातून काही कळत नाही. दुसरं, वाटायला हवं ते लिहिलं जातं. सासूबाईंच्या औषधपाण्यात त्रास 6 असेल तर 6 लिहा, त्याच कामात जमलं 7 असू शकतं, दोन्ही खरं. तिसरं म्हणजे वही घरच्यांच्या हाती लागेल ही धास्ती. ती ऑफिसच्या पर्समध्ये ठेवा.

पंधराव्या दिवशी त्रास 5 च्या वरचे लाल पेनाने, मजा किंवा जमलं 5 च्या वरचे निळ्याने अधोरेखित करा. लालमध्ये आकड्यापेक्षा वारंवारता बघा. महिन्यातून एकदा येणाऱ्या 9 पेक्षा रोजचा 6 आधी मिटवा. पाण्याचंच घ्या. नळाचं पाणी थेट टाकीत पडत असेल तर प्लंबरकडून फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या, टाकी भरली की पाणी आपोआप बंद होईल. तसं जमत नसेल तर पहाटेची पाळी अकरावीतल्या मुलाशी वाटून घ्या. त्यानं झोप मिळेल, समाधान मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

निळ्यातलं एकच निवडा आणि त्याला वार आणि वेळ द्या. “जमेल तेव्हा” म्हटलेलं घरच्या कामात बुडतं. माझा अंदाज, तुमच्या वहीत शिकवणं वर येईल. चौपाटीला कदाचित मजा 5, जमलं 0 येईल. तसं असलं तर चौपाटी बंद करू नका, पण तिच्याकडून जास्त मागू नका.

एक गोष्ट टाळायची नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, निळं काहीच सापडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 मराठीतही बोलते. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

साहेबांशी बोलायचं ते शिकवण्याचं. “मला काहीतरी वेगळं काम द्या” म्हणालात तर ते हसून सोडून देतील. त्याऐवजी म्हणा, “नवीन मुलांना व्याज आणि डे-बुक मी शिकवते, बुधवारी दुपारी काउंटर कमी असतो तेव्हा एक तास.” सहा आठवड्यांपुरतंच मागा, म्हणजे त्यांनाही हो म्हणायला जड जाणार नाही.