व्याकरणात पैकीच्या पैकी, निबंधात चुका

प्रश्न : मुलगी नववीत, मराठी माध्यमात आहे. इंग्रजी व्याकरणात पैकीच्या पैकी, पण निबंधात नामाआधीचे ‘अ’ (a), ‘द’ (the) हमखास गाळते. काय करावं?
– एक आई, गुहागर

उत्तर : ताई, मराठीत ही उपपदं नाहीतच, म्हणून गाळलेली कानाला खटकत नाहीत. नुसते नियम घोकून ते जमत नाही. दापोलीत शिकवताना मी मुलांकडून रोज पाच ओळी लिहून घ्यायचे, विषय घरचाच. एकाने लिहिलं, ‘आय सॉ बोट. बोट वॉज ब्लू.’ मी विचारलं, ‘कुठली होडी रे? मला ठाऊक आहे का ती?’ तो थबकला. पहिल्या होडीआधी ‘अ’ आणि दुसरीआधी ‘द’ त्यानेच घातला. केवढा आनंद झाला होता मला! तिला ओळी मोठ्याने वाचायला सांगा. दिवसाला एकच चूक धरा, बाकीच्या राहू द्या.