भारत आणि चीनच्या लागवडीच्या वनक्षेत्राची 1990 पासूनची तुलना कशी करावी? (इंदूर, कॉलेजचा भूगोल प्रकल्प)

दोन्ही देशांचे सगळे आकडे एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) जागतिक वन संसाधन मूल्यांकनाच्या एकाच आवृत्तीतून घ्या. दर आवृत्तीत मागच्या वर्षांचे आकडेही सुधारले जातात. जुनी-नवी आवृत्ती मिसळली की जंगल नुसतं कागदावर वाढतं. तक्ते हजार हेक्टरमध्ये असतात, तिथे शून्यं हमखास चुकतात. 2020 मध्ये चीनकडे लागवडीचं वन सुमारे 8.5 कोटी हेक्टर होतं, भारताकडे 1.3 कोटी. दिसायला साडेसहापट, पण चीनची जमीनच तिपटीहून जास्त आहे. म्हणून भूक्षेत्राशी टक्केवारी काढा: साधारण 9 आणि 4.5. आलेखात हीच दाखवा, खरी तुलना तीच. वार्षिक वाढ म्हणजे दोन आकड्यांतला फरक भागिले मधली वर्षं.

भारतीय वन सर्वेक्षणाचं वनाच्छादन यात अजिबात घालू नका. त्यात एक हेक्टरची आंब्याची बागही 10 टक्के छत्र (फांद्या-पानांनी झाकलेली जमीन) असेल तर धरतात; एफएओ फळबागा वगळतं, रबर मात्र धरतं. रोपांच्या संख्येवरूनही क्षेत्र काढू नका. आपल्याकडे इंदूरला रेवती रेंजवर जुलै 2024 मध्ये एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लागली, पण 2×2 मीटर अंतराने हेक्टरी 2,500 रोपं बसतात आणि दाट लागवडीत 10,000 सुद्धा. एक मर्यादा लिहाच: एफएओचे आकडे देशांनी स्वतः कळवलेले आणि निव्वळ (वाढीतून घट वजा केलेले) असतात, त्यामुळे किती लागवड तुटली किंवा वाळली ते त्यांतून वेगळं कळत नाही.