सांडशीला वेळ घणात नाही, तावात जातो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रुळाच्या तुकड्याची ऐरण, ब्लोअरची कोळशाची भट्टी, १६ मिमीचा चौरस बार. एक सांडशी, म्हणजे तापलेलं लोखंड धरायचा लोहारी चिमटा, करायला अख्खा रविवार गेला, दांडे ओढताना खांदा भरून आला आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्याच नाहीत. हे पटापट कसं करायचं?

बसल्या का नाहीत ते आधी सांगतो, कारण माझ्या पहिल्या सांडशीचं हेच झालं होतं. सोयीसाठी एकेका बाजूला पातं म्हणू. जोडी म्हटलं की डोक्यात डावी-उजवी चप्पल येते. इथे दोन्ही पाती डावीच लागतात, हुबेहूब एकसारखी. एक उलटं करून दुसऱ्यावर ठेवलं की जोडी होते. एक डावं आणि एक उजवं केलंत तर ती जन्मात जुळणार नाहीत. माझं ते बिनजोडीचं पातं उस्तादांनी भट्टीशेजारी खिळ्याला टांगून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

म्हणून बार नेहमी एकाच बाजूला वळवायचा. मी डावीकडे वळवतो. टोकाचे चारेक सेंटीमीटर ऐरणीच्या जवळच्या कडेवर घ्या. हातोडा अर्धा ऐरणीवर, अर्धा बाहेर असा पडला पाहिजे, म्हणजे बारला पायरी पडते, तिलाच खांदा म्हणतात. हे टोक म्हणजे लोखंड धरणारा जबडा, तो साधारण निम्म्या जाडीपर्यंत चेपा. मग डावीकडे पाव वळसा, जबडा पलीकडच्या कडेबाहेर लोंबता, बार ४५ अंशांत तिरपा, आणि दुसरा खांदा. पुन्हा डावीकडेच पाव वळसा, बार दोनेक सेंटीमीटर पुढे सरकवा आणि तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांद्यांमध्ये जो जाड भाग उरला, तिथे रिव्हेट, म्हणजे दोन्ही पाती जोडणारा खिळा, बसणार. हात बसला की तीन खांद्यांना दोन ताव (भट्टीत दोनदा तापवणं) पुरतात. पहिल्या खांद्यानंतर लगेच दुसरा बारही तेवढाच करा, म्हणजे एक ऐरणीवर असताना दुसरा भट्टीत तापत राहतो. ताव येण्याची वाट बघत उभं राहण्यातच तुमचा निम्मा रविवार गेला असणार.

रुळाची कड धारदार असेल तर आधी ग्राइंडरने ५-६ मिमीची गोलाई द्या. धारदार कडेवर बसवलेल्या खांद्याच्या कोपऱ्यात बारीक चीर राहते आणि सांडशी महिनाभराने नेमकी तिथेच तुटते. रंग नारिंगी-पिवळा असेपर्यंतच खांद्याला हात लावा, काळपट लाल झालं की परत भट्टीत.

आता दांडे. गणित करून बघा. १६ मिमी चौरसाचं क्षेत्रफळ २५६, १० मिमी गोलाचं साधारण ७८. म्हणजे लांबी सव्वातीन पट होते. ३५ सेंमीच्या दांड्याला बारचे अकराच सेंटीमीटर लागतात. तुम्ही बहुतेक वीस-पंचवीस सेंटीमीटर धरलेत आणि मग ते ओढत बसलात.

ओढताना सपाट ऐरणीवर ठोकू नका, तिथे लोखंड लांबीइतकंच रुंदीलाही पळतं. रुळाच्या डोक्याची गोलसर कड वापरा, बार तिच्यावर आडवा ठेवा. प्रत्येक घावानंतर पाव वळसा. शेवटपर्यंत चौकोनीच ठेवा, मग कोपरे मारून अष्टकोनी आणि शेवटच्या तावात गोल. मध्येच गोल करायला गेलात की आत फट पडते. घण मारायला कुणी असेल तर वेळ निम्म्यावर येतो. घिसाडी लोहारांकडे बघा, नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको घण घालते. एकट्याचं काम असेल तर मला विचाराल तर सरळ १० मिमीची सळई वेल्डिंगने जोडा. काही जण नाक मुरडतील. मुरडू देत.

आणि पहिली सांडशी सांडशीशिवाय कशी धरायची? बार आधी कापायचाच नाही. मीटरभर लांब ठेवला की दुसरं टोक हाताला थंड राहतं. जबडा, खांदे, दांडा सगळं त्या टोकाला करून मग छिन्नीने तोडा.

रिव्हेटचं भोक मी तापवूनच सुंब्याने (भोक पाडायच्या पोलादी खुंटीने) पाडतो. एका बाजूने निम्म्याच्या पुढे ठोका, उलटा, काळा ठिपका दिसेल तिथे परत सुंबा. ड्रिल केलंत तरी बिघडत नाही. रिव्हेटला १० मिमीची सळई, आणि डोकं करायला दीड पट म्हणजे १५ मिमी जास्तीची ठेवा. डोकं बसलं की लाल असतानाच सांडशी उघडझाप करत राहा, नाहीतर आवळून बसते. मग जबडे परत लाल करून जो बार धरायचा तोच त्यांत ठेवा, वरून ठोका आणि दांडे मुठीत मावतील असे वाकवून घ्या.

साध्या माइल्ड स्टीलला पाण्यात बुडवलं तर काही होत नाही. पण गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची किंवा बांधकामाच्या टीएमटी सळईची केलीत तर लाल असताना पाणी दाखवू नका. पाट्याची एक सांडशी मी सवयीने टबात बुचकळली आणि दुसऱ्या दिवशी जबडा हातात आला. जस्त चढवलेली सळई तर भट्टीत घालूच नका, त्याचा धूर छातीत जातो.

पुढची जोडी झाली की सांध्याचा जवळून फोटो टाका, खांद्याच्या कोपऱ्यात रेघ आहे का ते बघतो.