'सेंट अँगर'चा तो ड्रम आणि वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: दादा, शाळेपासून मेटालिका हा मेटल बँड ऐकतोय, २०११ ला त्यांचा बंगळुरूचा शो बघायला पुण्याहून बसने गेलो होतो. 'मास्टर ऑफ पपेट्स' तर पाठ आहे. पण त्यांचा 'सेंट अँगर' हा अल्बम आजपर्यंत एकदाही सलग ऐकता आला नाही, तिसऱ्या-चौथ्या गाण्यालाच बंद करतो. मित्र म्हणतात तुला तो कळलाच नाही. एवढ्या मोठ्या बँडचं असं कसं झालं, की माझंच काही चुकतंय?

उत्तर: तुझं काहीच चुकत नाहीये मित्रा. २००३ ला हा अल्बम आला तेव्हा मी कॅसेट आणली आणि पहिल्याच गाण्याला वाटलं की आमचा डेकच बिघडलाय, ट्रेबल पार शून्यावर नेला तरी तो टण्ण टण्ण आवाज काही जाईना, रिकाम्या स्टीलच्या पातेल्यावर कुणी डाव आपटावा तसा. ड्रमसेटमध्ये मुख्य ठेका ज्यावर पडतो त्या स्नेअर ड्रमच्या खालच्या अंगाला तारा असतात, त्या लागून असल्या की आवाज भरीव आणि करकरीत येतो. बँडचा ड्रमर लार्स उलरिकने त्या न लावताच वाजवलं आणि त्याला ते आवडलं म्हणून तसंच ठेवलं. अकरा गाणी, ७५ मिनिटं, सगळीकडे तेच.

पण मला विचारशील तर खरं दुखणं ड्रम नाहीच. जानेवारी २००१ ला बेस गिटार वाजवणारा जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेला, जुलैत गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी भरती झाला, म्हणजे बँड राहतो की जातो अशीच वेळ होती. महिन्याला ४० हजार डॉलर घेणारा एक थेरपिस्ट त्यांच्यासोबत बसायचा. अल्बमवर बेस वाजवलाय तो प्रोड्यूसर बॉब रॉकने. शब्द सगळ्यांनी मिळून लिहायचे, आणि गाणी म्हणजे तासन् तास वाजवलेले तुकडे कॉम्प्युटरवर कापून जोडलेले. इतके दुखावलेले लोक एका खोलीत असले की "हा तुकडा नको, काढ" असं कोण कोणाला म्हणणार? 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हे गाणं घे, रिफ (गिटारची मूळ धून) काय जबरदस्त आहे, अंगावर काटा येतो, पण गाणं आठ मिनिटांच्या वर जातं आणि तोच रिफ परत परत येऊन त्याची सगळी ताकद निघून जाते. चार मिनिटांत संपलं असतं तर आज त्यांच्या टॉपच्या गाण्यांत धरलं असतं, हे मी मनापासून सांगतो.

त्यात अख्ख्या अल्बममध्ये सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने वाजवलेला तुकडा, एकही नाही. २००४ ला 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' याच नावाची बँडवरची डॉक्युमेंटरी आली, ती जरूर बघ. त्यात बँडचा सोलो वाजवणारा गिटारिस्ट कर्क हॅमेट सांगायचा प्रयत्न करतो की सोलो नाही ठेवले तर उलट अल्बमवर याच काळाचा शिक्का बसेल. किती शांतपणे बोलतो तो, आणि कोणी ऐकत नाही. मला फार वाईट वाटलं होतं ते बघून, कारण बरोबर तोच होता.

तर आधी ती फिल्म बघ, मग अल्बमच्या सीडीसोबत जी डीव्हीडी आली होती ती कुठे मिळाली तर लाव. त्यात नवा बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहिओला घेऊन चौघं हीच गाणी रिहर्सलच्या खोलीत वाजवतात, समोरासमोर, एका दमात. 'फ्रँटिक' हे गाणं तिथे ऐक. अल्बममध्ये नसलेला जीव त्यात आहे.

प्रश्न: मग मेटालिकाचा त्यानंतरचा, २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम तरी घ्यावा का?

उत्तर: नक्की घ्या. सोलो परत आलेत, गाणी फार चांगली आहेत. फक्त आवाज इतका चढवलाय की जागोजागी फाटतो, हेडफोनवर अर्ध्या तासात कान शिणतात. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येतात हे फॅन लोकांनीच तेव्हा शोधून काढलं होतं. तुमच्याकडे किंवा कोणा मित्राकडे तो गेम असेल तर तिथे ऐका.