मुलाला पहिल्यांदा शिकारीला न्यायचं तर रायफल कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची, घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात राहता, मुलगा 11 वर्षांचा आहे, शेजारी त्याला नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला नेतो म्हणतोय आणि दुकानदाराने .30-06 ही मोठ्या काडतुसाची रायफल पुढे केली, "एकदा घ्या, आयुष्यभर बघायला नको." हेच वाक्य मी 2013 साली विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानात ऐकलं आणि भुललो. म्हणून लिहितोय. शिकार बरी की वाईट हे तुम्ही विचारलेलं नाही, मीही त्यात शिरत नाही.

उत्तर एका ओळीत हवं असेल तर .243 विंचेस्टर. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझा मुलगा तेव्हा 12 चा, वजन 38 किलो. रायफल मोठ्या माणसाच्या मापाची. दस्ता लांब, त्यामुळे तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर घसरायचा आणि दुर्बिणीत बघायला पोरगं मान पुढे ताणायचं. तिसऱ्याच बाराला दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. अर्धचंद्रासारखी चीर, रक्त नाकाच्या शेंड्यापर्यंत. इकडे या प्रकाराला 'स्कोप बाइट' म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसलो. म्हटलं, "काही होत नाही रे, सवय होते."

हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं. कुडाळजवळच्या आमच्या गावात आजोबांची शेती संरक्षणाच्या परवान्याची दुनळी बाराबोर होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, तेव्हा ती बाहेर निघायची. 1984 च्या मे महिन्यात दादाने खळ्याच्या कडेला बांबूवर करवंटी टांगली आणि बंदूक माझ्या हातात दिली. मी 12 चा, तो 19 चा. बार काढला तो थेट शेणाच्या ढिगात बसलो. करवंटी तशीच. आईने आठवडाभर आंबेहळद लावली, तरी खांदा पिकल्या जांभळासारखा होता. दादा अजूनही फोनवर तेच म्हणतो, "दणको बसल्याशिवाय नेम येवचो नाय." त्याच्याशी हा वाद मी चाळीस वर्षं घालतोय आणि पहिली तीस वर्षं मनातून त्याचंच खरं मानत होतो, हे इथे कबूल करतो.

तर मुलगा. शिकारीचं प्रमाणपत्र काढलं, नारिंगी जाकिटं घेतली, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पहाटे मचाणावर बसलो. उणे नऊ. सातच्या सुमारास एक मादी आली, साठ यार्डांवर आडवी उभी राहिली. इतकं सोपं सावज मला स्वतःला आजवर मिळालेलं नाही. त्याने बार टाकला आणि ती कमान करून पळाली. जागेवर गेलो तर पानांवर रक्त थोडं आणि त्यात हिरवट चोथा. गोळी पोटात बसली होती.

पोटातल्या गोळीने जनावर लगेच मरत नाही. मागे धावलं तर ते मैलभर जातं, म्हणून सहा-आठ तास थांबायचं असतं. आम्ही थांबलो. दुपारनंतर निघालो, प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत, म्हणजे वळून पाहिलं की जनावराची दिशा कळते. अंधार पडेपर्यंत असे एकवीस तुकडे झाले. मुलगा मोजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याकाठी सापडली, मागचा भाग कोयोटींनी, म्हणजे इकडच्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांनी, खाल्लेला. तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने रायफलला हात लावलेला नाही. आता मोठा झालाय, मासे पकडतो, उत्तम पकडतो.

मी बरीच वर्षं समजत होतो की पोराचं काळीजच नाही शिकारीचं. खरं काय ते 2018 साली कळलं, धाकट्या मुलीच्या वेळी. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाची एक पद्धत होती. रायफल तो स्वतः भरायचा आणि आत काडतूस खरं आहे की नकली ते सांगायचा नाही. मुलीची पाळी झाली, मग मला म्हणाला, "तुम्हीही बसा." माझीच .30-06. पहिले दोन बार खरे, दोन्ही लक्ष्यावर. तिसऱ्याला चाप ओढला, नुसतं 'टिक्' झालं आणि नळीने चक्क मान टाकली. दोन इंच तरी. बार झालाच नव्हता, मी मात्र दणक्याच्या भीतीने तो व्हायच्या आधीच डोळे मिटून रायफल खाली ढकलली होती. मुलगी फोनवर चित्रण करत होती आणि खो खो हसत होती. चौतीस वर्षांपूर्वीची बाराबोर माझ्या खांद्यातून गेलीच नव्हती, आणि साठ यार्डांवर मुलाचं काय झालं होतं तेही मला तिथेच, त्या बाकावर कळलं.

आता आकडे. .30-06 चा दणका साधारण 20 फूट-पाउंड, .243 चा त्याच्या निम्म्याच्या आसपास. .243 म्हणजे .308 या जाड गोळीच्या काडतुसाचंच पितळी कवच, बारीक गोळी बसावी म्हणून मान आवळून 1955 साली काढलेलं. तिची 100 ग्रेनची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची, पण फुप्फुसात बसली तर शंभर यार्डांतल्या हरणाला पुरून उरते. मुलगा दांडगा असेल तर 7एमएम-08 घ्या. 6.5 क्रीडमूरही वाईट नाही, फक्त ती विकणाऱ्यांची बडबड फार. कॅलिबरपेक्षाही आधी दस्त्याचं माप बघा. मोठ्यांचा साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, मुलांच्या मापाचा इंच-दीड इंच आखूड मिळतो. तो घ्या, पुढे बदलता येतो. आणि अगदी हलकी रायफल घेऊ नका. पोराला हलकी बरी म्हणून घेतात, पण रायफल जितकी हलकी तितका दणका जास्त.

पहिलं वर्षभर .22 रिमफायर, म्हणजे जवळजवळ दणका नसलेली छोटी रायफल, डबे आणि कागद, बस. मुलगी तशीच शिकली. मग दोन हंगाम माझ्या शेजारी नुसती बसली, जनावर सोलताना पाय धरायला आली, "आज नको" म्हणाली तेव्हा आम्ही घरी आलो. तिसऱ्या वर्षी .243 ने एकच बार टाकला, हरीण तीस पावलांवर पडलं. बायकोने त्याचं सुकं केलं, मालवणी मसाल्यात. ती स्वतः खात नाही, पण वाटपावर तिचाच हात.

थोडं राहिलं. .243 ची 55 ग्रेनची गोळी उपद्रवी लहान जनावरांसाठी असते, हरणाला वापरू नका. तुमच्या काउंटीत रायफल चालते का, या वयाच्या मुलाबरोबर कोण असावं लागतं, हे राज्याच्या नियमांत बघा, शेजाऱ्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. आणि हे मी खरं तर आधी लिहायला हवं होतं: तुम्ही एच-1बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद मिळतो. मुलालाही तसाच व्हिसा लागू असेल, तर दुकानाच्या आधी वकिलाकडे जा.

मान टाकणाऱ्या नळीचा तो व्हिडिओ मी त्याच रात्री दादाला पाठवला होता. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर चार दिवसांनी आलं: "बंदूक हलकी आसतली."