पांढऱ्या पेशी ३,७०० आणि सहा आठवड्यांत पाच सुया

बँकेच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट जूनमध्ये हातात आला. टोटल काउंट, म्हणजे रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी, ३,७००, शेजारी खाली तोंड केलेला लाल बाण. त्याच पानावर लिम्फोसाइट ४२ टक्के, तिथे बाण वर. चौतिशीतल्या, नाशिकला राहणाऱ्या या बाई त्या रात्री दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसल्या. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी आणखी चार वेळा रक्त दिलं, तेही तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये. समुपदेशनाला आल्या तेव्हा फाइलमध्ये पाच रिपोर्ट तारखेनुसार लावलेले होते: ३,७००, ४,१००, ३,६००, ३,९००, ४,३००. (ओळख पटू नये म्हणून एकाहून अधिक जणांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.)

"मला ब्लड कॅन्सर आहे, आणि हे सगळे माझ्यापासून लपवताहेत," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. या समजुतीला शंभरपैकी किती गुण द्याल, असं विचारल्यावर उत्तर आलं, ८५. उठता उठता मात्र त्यांनी हळूच दुसरा प्रश्न विचारला: "माझ्यासारखं आणखी कुणाला असतं का हो?"

खरा कामाचा प्रश्न हाच होता.

रिपोर्टवर छापलेली ४,००० ते ११,००० ही मर्यादा आजार कुठे सुरू होतो ते सांगत नाही. अशी मर्यादा ठरवायची पद्धत अशी: निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा (किमान १२० जण असावेत असा संकेत आहे), सगळ्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के वगळायचे, मधले ९५ टक्के ते 'नॉर्मल'. म्हणजे निरोगी माणसांतच दर चाळिसांमागे एकाचा आकडा खालच्या रेषेखाली जाणार, हे त्या व्याख्येतच आलं. चारशे मोठ्या माणसांची सोसायटी धरली तर असे दहा जण निघतील आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल, कारण धडधाकट माणूस सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतो कशाला? शिवाय सगळ्याच लॅब स्वतःच्या भागातल्या लोकांवरून मर्यादा काढत नाहीत. बऱ्याचदा पुस्तकातला आकडा छापलेला असतो. म्हणूनच बाईंच्या एका रिपोर्टवर खालची रेषा ४,००० होती आणि दुसऱ्यावर ४,५००. पहिल्या लॅबमध्ये ४,३०० ला बाण मिळाला नसता, दुसरीत मिळाला.

दोन बाणांचंही कोडं नव्हतं. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या टक्क्यांची बेरीज शंभरच भरते. एकाचा वाटा कमी झाला की दुसऱ्याचा आपोआप फुगतो. त्यामुळे टक्के बाजूला ठेवून प्रत्यक्ष संख्या काढायची. ३,७०० चे ४२ टक्के म्हणजे १,५५४ लिम्फोसाइट, अगदी मध्यम आकडा. वर गेलेला बाण तिथेच विरघळला. न्यूट्रोफिल ४८ टक्के, म्हणजे १,७७६. हा गुणाकार त्यांनी स्वतः कागदावर केला. बँकेत आयुष्य गेलेलं, आकडेमोडीवर त्यांचा समुपदेशकाच्या शब्दांपेक्षा जास्त विश्वास.

जंतुसंसर्गाच्या धोक्याचा अंदाज टोटल काउंटवरून बांधत नाहीत, या न्यूट्रोफिलच्या संख्येवरून बांधतात. मोठ्या माणसात ती १,५०० च्या खाली गेली तर कमतरता म्हणतात. १,००० ते १,५०० सौम्य, ५०० ते १,००० मध्यम, ५०० च्या खाली गंभीर. घाबरण्यासारखा धोका त्या शेवटच्या पायरीवर असतो. काही लॅब खालची रेषा २,००० छापतात, त्यामुळे १,७७६ लाही बाण लागू शकतो. तो बाण छपाईचा.

इंटरनेटवर वाचलेल्या एका गोष्टीने त्यांचा गोंधळ वाढला होता: 'हे वंशपरंपरेने असतं, घाबरू नका.' ते खरं आहे, पण ते प्रामुख्याने दुसऱ्या लोकांबद्दल. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १९९९ ते २००४ दरम्यान २५ हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली असणारे कृष्णवर्णीयांत ४.५ टक्के निघाले, गोऱ्यांत ०.७९ आणि मेक्सिकन मूळ असलेल्यांत ०.३८ टक्के. आफ्रिकन वंशाच्या, तसंच येमेनी ज्यू आणि काही अरब लोकांपैकी अनेकांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. त्यांचा अस्थिमज्जा उत्तम काम करतो, संसर्ग जास्त होत नाहीत, फक्त रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलची संख्या कमी दिसते. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी याच प्रथिनाला धरून लाल पेशीत शिरतो. आपल्याकडे व्हायवॅक्स पसरलेला आहे तो बहुतेकांच्या पेशींवर हे प्रथिन असल्यामुळेच. तेव्हा महाराष्ट्रातल्या माणसाने 'माझं वंशपरंपरेचं' म्हणून फाइल मिटू नये, आणि त्या ४.५ टक्क्यांत स्वतःला मोजूही नये.

आपल्याकडे काउंट खाली येण्याची रोजची कारणं साधी असतात: डेंग्यू, टायफॉइड, कुठलाही व्हायरल ताप, बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, काही औषधं. ताप उतरल्यावरही काही आठवडे आकडा खाली रेंगाळू शकतो. बाईंच्या फिजिशियननी हे सगळं विचारलं होतं, पोट तपासून प्लीहा वाढलेली नाही हे पाहिलं होतं, पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करून घेतला होता. बी-१२ ठीक, हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट २ लाख ३१ हजार, स्मिअरमध्ये वेगळं काही नाही. ते म्हणाले होते, "काळजी नाही, तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये परत करू." बाईंच्या कानात फक्त 'परत करू' राहिलं.

"पण माझा काउंट पूर्वी ९,८०० होता. निम्म्याहून खाली आलाय!" हा त्यांचा सर्वांत मोठा पुरावा. तो कुठून आला, हे पाहिलं तर २०१९ ची एएनसी फाइल निघाली. इथे शब्दांचीही गंमत आहे. न्यूट्रोफिलच्या संख्येलाही लॅबवाले एएनसीच म्हणतात, पण ही फाइल गरोदरपणातल्या तपासण्यांची. गरोदरपणात पांढऱ्या पेशी वाढतातच, ९,८०० त्या काळात सामान्य. तो आकडा स्वतःचा मूळ आकडा मानला की पुढचा प्रत्येक रिपोर्ट घसरण वाटणार.

म्हणून त्यांना एकच गृहपाठ दिला: गरोदरपण, ताप आणि शस्त्रक्रिया सोडून, धडधाकट असतानाचा जुना रिपोर्ट शोधा. माहेरच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली, नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीचा कागद सापडला. साल २०१४, टोटल काउंट ४,२००. तेव्हा रेषेच्या जरा वर, म्हणून बाण नव्हता आणि कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नव्हतं. दहा वर्षांच्या आसपास आकडा त्याच जागी घुटमळतोय. एकाच निरोगी माणसाचा काउंट दिवसागणिक दहा टक्के इकडेतिकडे होतोच. जिना चढून लगेच रक्त दिलं, रात्रभर झोप नसली, सिगारेट ओढली, तर वाढलेला दिसतो, कारण न्यूट्रोफिलचा मोठा हिस्सा रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतो आणि थोड्या ताणाने प्रवाहात येतो.

याच कारणामुळे एका ओळखीच्याने सुचवलेलं 'काउंट वाढवायचं इंजेक्शन' फसवं ठरलं असतं. स्टेरॉइडने भिंतीवरच्या पेशी सुटतात, कागदावरचा आकडा उडी मारतो, रोगप्रतिकारशक्ती मात्र उलट दबते. पपईच्या पानांचा रस तर मुळात प्लेटलेटसाठी म्हणून घेतात. घरच्यांनी तो पांढऱ्या पेशींसाठी पाजला, आणि मळमळीने चार दिवस जेवण गेलं. एका लॅबने आकडा '३.९' असा, हजारांत छापला होता. सासूबाईंना वाटलं की साडेतीन हजारांवरून चारच पेशी उरल्या!

माहितीने भीतीचा अर्धा भाग गेला. उरलेला भाग सवयींवर उभा होता: दिवसातून आठ वेळा थर्मामीटर, अंघोळीच्या वेळी मानेतल्या गाठी दाबून पाहणं, पाच वर्षांच्या लेकीला जवळ न घेणं, बाहेरचं पाणी बंद, हळदीकुंकवाला नकार. मानेतल्या गाठी रोज दाबल्या की दुखऱ्या होतात, आणि दुखतात म्हणून पुन्हा दाबल्या जातात. लेकीला दूर ठेवण्यासारखं १,७७६ न्यूट्रोफिलमध्ये काहीही नाही, हे फिजिशियनकडून एका ओळीत लिहून घेतलं. रिपोर्टचा अर्थ लावणं समुपदेशकाचं काम नाही, आणि अशा केसमध्ये तर ती सीमा पाळलीच पाहिजे. मग थर्मामीटर आठवरून चार, चारवरून फक्त अंगात कणकण वाटली तर. गाठींना हात लावायचा नाही, दोन आठवडे. मोबाइलवर शोध संध्याकाळी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. लेकीला पहिल्याच दिवशी कुशीत घ्यायचं, यात टप्पे नाहीत.

यजमानांशीही बोलणं झालं. ते रोज वीस वेळा "काही नाही झालंय तुला" म्हणत होते. त्याचा असर दहा मिनिटं टिकायचा. आता त्यांनी एकच वाक्य म्हणायचं ठरलं: "याचं उत्तर नोव्हेंबरच्या तारखेला." आणि विषय बदलायचा.

गणपतीत घोटाळा झाला. घरात पाहुणे, सर्दी झाली, आणि बाईंनी कुणाला न सांगता काउंट केला. ३,४००. गुण पुन्हा ७० वर गेले. व्हायरल सर्दीत केलेल्या तपासणीवरून मूळ आकड्याबद्दल काहीच ठरत नाही, पण ही गोष्ट त्यांना आधी सांगायला हवी होती. तेवढी चूक नियोजनातली.

त्यांना दिलेल्या कागदावर दुसऱ्या बाजूला वेगळी यादी होती, नोव्हेंबरची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाण्याची: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप थंडी वाजून येणं, तोंडात वारंवार जखमा, गळवं, न दुखता वाढणाऱ्या गाठी, कारण नसताना वजन उतरणं, अंगावर जांभळे डाग. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल १,००० च्या खाली, किंवा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत घसरत असतील तर रक्तविकारतज्ज्ञ. आणि थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याला घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी. हजारात दोन ते पाच जणांत ते औषध न्यूट्रोफिल जवळपास शून्यावर आणतं, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. बाईंना यातलं काही लागू नव्हतं. यादी त्यांनी तरीही फ्रिजवर लावली.

नोव्हेंबरमध्ये काउंट ३,९०० आला, न्यूट्रोफिल ५१ टक्के. फिजिशियननी पुढची तपासणी वर्षाने, बँकेच्या नेहमीच्या तपासणीबरोबर, सांगितली. समजुतीचे गुण २० वर आले होते. शून्य का नाही, यावर त्या म्हणाल्या, "शून्य लिहिलं तर खोटं होईल." २०१४ चा तो पिवळा कागद आता फाइलमध्ये सर्वांत वर आहे.