भारनियमनानंतर संत्र्याच्या बगीच्यातील कॅमेऱ्याचा आयपी पत्ता बदलतो. तो कायमचा कसा ठरवावा?

कॅमेऱ्यात काहीही न बदलता राउटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाला कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक) एक आयपी पत्ता (जाळ्यातील उपकरणाचा क्रमांक) राखून ठेवावा. या सोयीला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात. डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीत राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता ठरावीक मुदतीपुरताच देतो, आणि बऱ्याच घरगुती राउटरांत वीज गेल्यावर या वाटपाची नोंद पुसली जात असल्यामुळे, आपल्याकडे दिवसातून अनेकदा वीज जाते तेथे पत्ते बदलणे स्वाभाविक आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) उघडून डीएचसीपीच्या पानावर कॅमेऱ्याच्या खोक्यावर किंवा पाठीमागे छापलेला मॅक पत्ता आणि हवा तो आयपी नोंदवावा, मग दोन्ही उपकरणे पुन्हा सुरू करावीत. राउटरमध्ये ही सोय नसेल तरच पत्ता कॅमेऱ्यात लिहावा. मात्र तो राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या कक्षेबाहेरचा असावा, म्हणजे कक्षा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असेल तर १९२.१६८.१.५० चालेल, अन्यथा तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळून दोघांचीही जोडणी बिघडते. हा पत्ता केवळ घरच्या जाळ्यापुरता स्थिर राहतो. बाहेरगावाहून इंटरनेटद्वारे कॅमेरा पाहण्यासाठी तो थेट उपयोगी पडत नाही.